लिंबात फसफसणारं खत

गौलीगुड्यात जुन्या बसस्थानकामागच्या गल्लीत हिम्मतराव बिरादारांचं खताचं दुकान आहे. पाटी तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रंगवलेली आहे, पण ती वाचून तिथे कुणी येत नाही. नलगोंड्याच्या नाहीतर संगारेड्डीच्या बसमधून उतरलेला शेतकरी ऑटोवाल्याला एवढंच सांगतो, "गिलासवाले सेठ के पास छोड दे." ऑटोवालाही पुढे काही विचारत नाही. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी विचारत नव्हता.

हिम्मतराव मूळचे देगलूरकडचे, शेतकरी घरातले. शहरात जन्म गेला तरी घरात ते देगलूरचंच मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी दखनी, आणि हमालांवर ओरडायचं असलं की तेलुगू. मी हिमायतनगरला त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. नामपल्लीच्या एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळतो आणि आता निवृत्तीला आलो आहे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून संध्याकाळी घरी जाताना मी गाडी गौलीगुड्यावरून नेतो आणि त्यांना बरोबर घेतो. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यातलं बरंचसं मी त्यांच्या दुकानातल्या बाकावर बसून पाहिलेलं आहे. उरलेलं त्यांनी गाडीत सांगितलं.

आता त्या गिलासाबद्दल. झाडाला जस्त, लोह, बोरॉन अशी काही द्रव्यं अगदी थोडी लागतात, पण ती मिळाली नाहीत तर झाड उपाशी राहतं. त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणतात. बाजारात ती पुडीत किंवा पोत्यात मिळतात, आणि त्यांत भेसळ फार. मीठ, रेती, विटांची पूड, काय वाटेल ते. यावर हिम्मतरावांनी एक रिवाज पाडला होता. काउंटरवर स्वच्छ पाण्याने भरलेला काचेचा गिलास. गिऱ्हाइकासमोर पोतं उसवायचं, चिमूटभर झिंक सल्फेट पाण्यात टाकायचं, ढवळायचं आणि गिलास दाराच्या उजेडात धरायचा. पाणी नितळ राहिलं तर माल चांगला. तळाला गाळ बसला तर सगळा लॉट परत. ओळखीचं गिऱ्हाईक घाईत असलं तरी हे केल्याशिवाय ते पोतं हलू देत नसत.

"सेठ, मैं क्या आपको चोर समझता क्या? बांधो जल्दी, बस छूट जाती," कुणी म्हणायचं.

"तुम नक्को समझो. मैं समझतौं ना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तीनेक वर्षांपूर्वी एका नव्या कंपनीचा विक्रेता, प्रथमेश नावाचा पुण्याकडचा तरुण, दुकानात आला. त्याच्याजवळ पांढरट पूड होती. त्याने सांगितलं, हे खत जमिनीत हळूहळू सुटतं, पावसाने वाहून जात नाही, तळ्याविहिरींचं पाणी बिघडवत नाही आणि अगदी थोडं पुरतं. हिम्मतरावांनी ऐकून घेतलं आणि सवयीने चिमूट गिलासात टाकली. ढवळली. पूड गोल फिरली आणि तळाशी जाऊन बसली.

"काय आणलात हे? रांगोळी?"

"सर, ते पाण्यात विरघळतच नाही. तीच त्याची खुबी आहे."

"वा रे वा! दाराला कुलूप न्हाई, हीच घराची खुबी, असं चोर म्हणतो. जावा तुमी. चहा घ्यायचा असंल तर घेऊन जावा."

बाकावरचे शेतकरी हसले. प्रथमेशने चहा घेतला नाही; नमुन्याची पुडी मात्र काउंटरवर ठेवून गेला.

तो विषय तिथेच संपायचा. पण हिम्मतरावांची भाची प्रणिता मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी ती मामाकडे जेवायला आली तेव्हा त्यांनी ही रांगोळीची गोष्ट तिला रंगवून सांगितली. मीही त्या दिवशी पंगतीला होतो. प्रणिता हसली नाही.

"मामा, तो खरं सांगत होता. आपलं नेहमीचं झिंक सल्फेट पाण्यात लगेच विरघळतं, म्हणून तर अर्धं पावसाबरोबर निघून जातं. उरलेलं चुनखडीच्या जमिनीत अडकून बसतं. झाडाच्या वाट्याला येतं किती? ही पूड जिथे टाकली तिथेच राहते. मुळांतून आंबट रस सुटतो ना, त्यात ती विरघळते. मुळाला हवं तेव्हा, हवं तेवढंच. दोन-तीन हंगाम पुरते."

"म्हंजे मूळ तिच्यावर लिंबू पिळतंय म्हण की!"

"तसंच समजा."

हिम्मतराव ताटावरून तसेच उठले. खिशात कागदात बांधलेली ती पूड अजून होती. वाटीत टाकली आणि तिच्यावर ताटातली लिंबाची फोड पिळली. त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या, "आवं, हात तरी धुवा. वरण निवालंय." वाटी खिडकीत ठेवली गेली. आमची जेवणं झाली, गप्पा झाल्या, चहा झाला. ऊन कलताना पाहिलं तर वाटीत पूड उरलेली नव्हती. हिम्मतराव वाटी हातात घेऊन घरभर फिरले. त्या दिवसाइतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांना नवं खत सापडल्यापेक्षा नवा गिलास सापडल्याचा आनंद जास्त झाला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ते खत पहिल्यांदा घेतलं नरसिम्लूने. नलगोंड्याच्या रस्त्याला आत एका गावात त्याची मोसंबीची बाग आहे; तिकडे मोसंबीला बत्तायी म्हणतात. झाडं लावून बरीच वर्षं झाली होती, पण पानं लहान, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा. सगळी मिळकत त्या बागेवर. दोन विहिरी आटवून त्याने ती जगवली होती. हिम्मतरावांवर त्याचा इतका विश्वास की ते म्हणतील ते तो विचार न करता टाकायचा. रस्त्याकडच्या काही रांगांना त्याने नवी पूड दिली आणि पुढच्या बहराला तो फांदी घेऊनच दुकानात आला. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी.

"सेठ, ये देखो. झाडां हसरे!"

मग काय, त्याच्या गावातले सगळेच आले. आजूबाजूच्या गावांतले आले. काउंटरवर पाण्याच्या गिलासाशेजारी दुसरा गिलास आला, लिंबाच्या रसाचा. दुकानाच्या पायरीवर एक लिंबूवाली बसू लागली. हिम्मतराव सकाळी पूड रसात टाकून ठेवायचे आणि दुपारनंतर येणाऱ्यांना नितळ झालेला गिलास दाखवायचे. युवराज, त्यांचा मुलगा, दुकान पाहतो. त्याने या सगळ्याचा व्हिडिओ काढून फोनवरून इंटरनेटवर टाकला. तो कुठल्या कुठे गेला. आठवडी बाजारात म्हणे माणसं खिशात लिंबू घालून खत घ्यायला जाऊ लागली.

प्रणिताने तो व्हिडिओ दुकानातच माझ्याशेजारी बसून पाहिला. दोनदा पाहिला.

"मामा, लिंबात विरघळलं म्हणजे तेच खत, असं नाही हं. इतरही पुष्कळ काही विरघळतं लिंबात."

"असंल की. पर विटाची पूड तर न्हाई विरघळत? रेती न्हाई विरघळत?"

"ते नाही."

"मग झालं की!"

"लॉट आला की एक नमुना माझ्याकडे पाठवत जा."

"तुज्याकडून कागद येईस्तोवर पेरण्या व्हतील बाई माज्या," हिम्मतराव म्हणाले आणि सगळे हसले. तीही जायला उठली. पण जाताना व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया ती पुन्हा वाचत होती. कुणीतरी विचारलं होतं, लिंबू पिळल्यावर किती वेळात विरघळायला पाहिजे? त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं होतं, ओरिजिनल असेल तर लगेच.

पुढच्या हंगामात मागणी इतकी वाढली की कंपनीला माल पुरवता येईना. युवराजने दुसऱ्या एका वितरकाकडून लॉट मागवला. कंपनीचं नाव तेच, पोतं तसंच. फरक एवढाच की या पोत्यावर गिलासाचं आणि अर्ध्या चिरलेल्या लिंबाचं चित्र छापलेलं होतं.

ते पोतं उघडलं तेव्हा मी बाकावर होतो. नरसिम्लू होता, त्याच्या गावचा यादय्या होता, आणखी चार-पाच जण होते. हिम्मतराव चित्रावरून हात फिरवत म्हणाले, "बघा, माजा गिलास छापलाय की! पैसे तर दिले न्हाईत बेट्यांनी." मग चिमूट घेऊन रसात टाकली.

रस फसफसला. वरपर्यंत बुडबुडे आले, फेस काठावरून ओघळला आणि बघता बघता पूड दिसेनाशी झाली. तळाला थोडा करडा मळ राहिला, तो फेसात कुणी मनावर घेतला नाही.

"अरे बाप रे! ये तो जिंदा है," यादय्या म्हणाला.

मी हिम्मतरावांकडे पाहत होतो. त्यांच्या भुवया क्षणभर जवळ आल्या. पहिली पूड निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी सावकाश गेली होती, ही अशी उडून का गेली, एवढं त्यांच्या मनात आलंच असणार. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते, आणि पोत्यावर त्यांचा गिलास होता.

"ताजा माल है," ते म्हणाले. "पयले का पुराना होगा."

नरसिम्लूने त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या बागेला पुरेल इतका माल उचलला.

नंतरचे काही महिने सगळं उत्तम चाललं होतं असंच म्हणायला हवं. तक्रार एकही आली नाही. खत सावकाश काम करणारं, त्यामुळे परिणाम लगेच दिसेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. औषध लागू पडलं नाही तर रोगी दोन दिवसांत डॉक्टरला शिव्या देतो. इथे रोगीच म्हणत होता की थांबू, घाई नको. पावसाळा गेला. दसरा झाला. आठवडी बाजारात, इतर दुकानांत, रस्त्याकडेच्या टेम्पोंवर तीच चित्राची पोती दिसू लागली. शेतकरी लिंबू पिळायचे आणि बुडबुडे पाहून पोतं उचलायचे. जुन्या, खऱ्या कंपनीचा थोडा माल युवराजकडे आला, तर तो कुणी घेईना. "इसमें दम नै," म्हणायचे. "इसमें आवाज बी नै आता."

थंडीत नरसिम्लू दुकानात आला. हिम्मतरावांनी सवयीने विचारलं, "झाडां कैसे हैं?"

"अच्छे हैं सेठ. जरा पीले पडे. शेंडे जरा सुकरे. मैं बोला सबर करना. और थोडा मंदू दे दो, डबल डालतौं."

मंदू म्हणजे तेलुगूत औषध. खतालाही ते तेच म्हणतात.

"शेंडे कुठून सुकाय लागले? वरून की आतून?" हिम्मतराव चटकन मराठीत बोलून गेले, मग त्यांनी दखनीत विचारलं.

"ऊपर से," नरसिम्लू म्हणाला आणि हसला. "आप कायकू घबरारे? आपिच बोले ना, आहिस्ते काम करता बोलके."

युवराजने पोती चढवून दिली.

मग ती फरशीची गोष्ट झाली. आमच्या इमारतीत सगळ्या घरांत जुनी शहाबादी फरशी आहे. संक्रांतीनंतर कुसुमताई लिंबाचं लोणचं घालत होत्या आणि मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो. हिम्मतरावांचा धक्का लागून रसाची वाटी कलंडली.

"थांबा, थांबा, तसंच राहू देऊ नका!" कुसुमताई फडकं घेऊन धावल्या. "लिंबानं फरशी खाल्ली जाती. मागच्या दिवाळीला देवापुढं तसाच पांढरा डाग पडलाय, तो अजून जाईना."

हिम्मतराव खाली वाकून पाहत होते. फरशीवर रस पसरला होता तिथे बारीक बुडबुडे उठत होते.

कुसुमताईंनी पुसायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. "थांब," म्हणाले. बुडबुडे पुरते बसेपर्यंत ते गुडघ्यांवर तसेच राहिले. उठताना त्यांना माझा हात घ्यावा लागला.

"आवं, काय झालं?" कुसुमताईंनी विचारलं.

"दगड," ते म्हणाले. "दगड इकला गं मी."

दुसऱ्या दिवशी नमुना प्रणिताकडे गेला. तिचा फोन दुकानात आला तेव्हा युवराज आणि मी दोघेही होतो. पुडीत जस्त नव्हतं, बोरॉन नव्हतं. फरशा घासताना निघणारा चुनखडी दगडाचा गाळ वाळवून, दळून भरलेला होता.

"मामा, आणखी एक सांगते. त्या बाजूच्या जमिनी आधीच चुन्याच्या आहेत. झाडं चुन्यानंच हैराण होती. त्यांना आपण चुनाच वाढला."

"किती दिवसांत मरत्यात?"

"तसं सांगता येत नाही. एकदम मरत नाहीत. पण शेंड्याकडून सुकत आली असतील तर वेळ फार नाही. पुढचा बहर धरू देऊ नका. आळ्यातली वरची माती खरवडून काढा आणि खरं खत द्या. बाग वाचेल अजून. पण आत्ता."

फोन ठेवल्यावर युवराजने शटर अर्धं खाली ओढलं.

"अप्पा, ऐका. उरलेला माल परत पाठवू. वितरकावर केस करू. पण गावात जाऊन सांगू नका. आपण पोत्यात भरलं का? आपण फसलो. लोकांना तसं वाटणार नाही."

"बुडबुडे बघून 'ताजा माल' कोण म्हनलं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून दगडात जस्त येणार होतं का? दुकान बुडंल, अप्पा."

"बाग बुडायली तिकडं," हिम्मतराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रविवारी गाडी काढता का?"

रविवारी आम्ही नलगोंड्याच्या रस्त्याला लागलो. डिकीत खऱ्या खताची पोती होती. शहर संपलं तरी प्लॉटांच्या पाट्या संपत नव्हत्या. एकेकाळी बागा असलेल्या जागी रंगीत दगड रोवलेले आणि कमानी उभ्या. हिम्मतराव त्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत होते. मी त्यांना थांबवलं नाही.

नरसिम्लूच्या बागेत शिरताना पहिल्यांदा रस्त्याकडच्या रांगा लागल्या. त्या अजून हिरव्या होत्या. पहिल्या वर्षीचं खरं खत तिथे पडलं होतं. गावातला जो कुणी बाग पाहायला यायचा तो याच रांगा पाहून जायचा. आत गेल्यावर उजेड बदलल्यासारखा झाला. पानं फिकट, कागदासारखी. शेंड्यांच्या काटक्या उघड्या पडल्या होत्या. सुपारीएवढी फळं गळून आळ्यांत पडली होती, आणि प्रत्येक आळ्यात बुंध्याभोवती पांढरा थर होता. पाऊस नव्हता, पाणी बेताचं, त्यामुळे तो जागच्या जागी घट्ट बसला होता. झाडांच्या रांगा संपेपर्यंत ती पांढरी वर्तुळं दिसत होती. पाखरू बोलत नव्हतं.

नरसिम्लूने खाटा टाकल्या, चहा आणवला. हिम्मतरावांनी चहाला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. तो हसत ऐकत होता, मग हसायचा थांबला. उठून त्याने एका आळ्यातला थर नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला.

"सच्ची बोलरे, सेठ?"

"मेरी गलती है, नरसिम्लू. पुरी मेरी."

तो खाटेपाशी परत आला. मग खाट जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "मेरेकू बोले, बस है. मैं आजिच साफ करतौं. लेकिन गांव में नक्को बोलो. आपका नाम लेके मैंइच सबकू बोला, डालो बोलके. हात पकड के बोला. आप तो गाडी में बैठ के चले जाते. मेरेकू इधरिच रैना है."

हिम्मतरावांनी चहाची कपबशी उचलली. मला वाटलं, त्यांना ते मान्य झालं. पण तोवर गाडी पाहून माणसं यायला लागली होती. गिलासवाले सेठ गावात आलेत ही बातमी लपणारी नव्हती. यादय्या आला तो हातात गिलास आणि लिंबं घेऊनच. पाहुण्याचा मान म्हणून सगळ्यांसमोर त्याने पूड टाकली आणि फेस ओसंडला तशी पाठीमागच्यांनी शिट्टी मारली.

हिम्मतरावांनी नरसिम्लूकडे एकदा पाहिलं. नरसिम्लूने मान हलवली, नको म्हणून.

"ये पत्थर है," हिम्मतराव उभे राहून म्हणाले. "फरशी का पत्थर. फरशी पे लिंबू गिराओ, वो बी ऐसाच उबलता. मैं धोका खाया. मेरे बोलने से तुम खाये. निकाल के फेंको सब, आजिच. असली माल लाया मैं, सबकू देतौं."

यादय्याने फेसाळलेला गिलास खाली ठेवला. मग मागून एकजण म्हणाला, "कंपनी से झगडा हुआ क्या सेठ?"

"कमिशन बंद करे रैंगे," दुसरा म्हणाला आणि हशा पिकला.

"असली का गिलास करके दिखाओ ना," यादय्या म्हणाला.

हिम्मतरावांनी डिकीतलं पोतं उसवलं आणि चिमूट रसात टाकली. ती तळाशी जाऊन बसली. सगळे वाकून पाहत होते. काहीच झालं नाही. व्हायचंच नव्हतं, तिला ऊन कलेपर्यंत वेळ लागतो. हिम्मतराव ते समजावत राहिले, आणि समजावता समजावता त्यांचा आवाज वाढत गेला. लोक सभ्य होते. थोडा वेळ थांबले. मग एकाला म्हशी सोडायच्या होत्या, एकाची मोटर चालू होती. "बुढ्ढे हो गये सेठ," असं कुणीतरी जाता जाता म्हणालं, प्रेमानेच म्हणालं.

"नरसिम्लू, तू बोल इनकू," हिम्मतराव म्हणाले.

नरसिम्लू मान खाली घालून बसला होता. सगळे गेल्यावर मात्र उठला, झोपडीतून खुरपं आणि फावडं आणलं आणि आतल्या रांगेच्या पहिल्या झाडापाशी बसून आळं खरवडायला लागला. हिम्मतरावांनी चप्पल काढली, धोतर खोचलं आणि दुसरं आळं धरलं. मीही बसलो. पांढरी माती पोत्यांत भरत गेलो तशी पोती फार लवकर भरत होती, आणि मान वर करून पाहिलं की झाडं संपत नव्हती.

शेजारची बाग यादय्याची. तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागे चित्राची नवी पोती उतरवून ठेवलेली होती.

"सेठ," त्याने हाक मारली, "फेंकरे तो इधर फेंको. हमारे झाडां कू काम आता."

हिम्मतरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मर जाते तेरे झाडां," ते म्हणाले.

"मुंह से अच्छा निकालो सेठ," यादय्या म्हणाला. आता तो हसत नव्हता.

दिवस मावळेपर्यंत काही रांगा साफ झाल्या. भरलेली पोती नरसिम्लूने कुंपणाला लागून रचून ठेवली. गावात टाकायला जागा नव्हती. तळ्यात टाकायला हिम्मतरावांनी मनाई केली होती. पुढच्या रविवारी ट्रॅक्टर आणून ती दूर खदानीत नेऊन टाकू, असं ठरलं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा नरसिम्लू एकटाच खरवडत होता. गावातलं कुणी त्याच्याशी बोलत नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्यांची बरकत बघवत नाही म्हणून सेठशी मिळून अफवा उठवतो, असं त्याच्याबद्दल झालं होतं. हिम्मतरावांनी विचारलं, पोती कुठे आहेत?

नरसिम्लूने खुरपं खाली ठेवलं. कुंपणाशी जागा रिकामी होती. तारा दोन ठिकाणी वाकल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, यादय्याच्या बागेत, त्याच्या पुढच्या बागेत, तिच्याही पुढे नजर जाईल तिथवर, झाडांच्या आळ्यांत ताजी पांढरी माती पसरलेली होती. तिच्यावर नुकतंच पाणी सोडलं होतं.